चांदीची बाजू बाहेर

३ एप्रिल, गुरुवार

आणि परत तेच. पुण्यात ऊन काय मी आणलंय का? गिऱ्हाईक तापलं की अनिरुद्ध सर माझ्याकडं बघतात. आम्ही भाड्यानं देतो त्या मोटरहोमच्या मागं पलंग, ओटा, एसी, सगळं सरांनी हौसेनं करून घेतलं. पुढं ड्रायव्हरच्या केबिनला मात्र ही एवढी उघडी काच. दुपारी गाडी उभी केली की ऊन तिथनं घुसतं आणि एसी नुसता घरघर करतो. हिवाळ्यात तिथनंच थंडी येते म्हणून मी डिसेंबरात सांगितलं होतं. तेव्हा सर म्हणाले, वा, म्हणजे तुझी तक्रार बारमाही झाली.

आज म्हणाले, रतन, काचांना काय लावायचं ते तूच बघ. झोपतोस तूच तिथं.

म्हणजे खातं माझ्याकडं आलं. नववी नापास माणसाकडं. आमच्या गावात कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

५ एप्रिल, शनिवार

अभ्यास चालू. जाड पडदा सरांनी लगेच उडवला. म्हणाले, गाडी आहे, मांडव नाही. बाहेरून घालायचं कव्हर चांगलं, ऊन काचेला शिवतच नाही. पण एखादं गिऱ्हाईक ते न काढताच गाडी सुरू करील. तयार मिळतात ती महाग, आणि आपल्या काचेला बसत नाहीत.

शेवटी मी ठरवलं. फोमचं कव्हर. एका अंगाला चांदी, दुसऱ्या अंगाला काळं कापड. आतून रबरी वाट्यांनी काचेला चिकटवायचं. चांदी बाहेर, ऊन माघारी. सर म्हणाले, आधी एका गाडीचं करून आण, बघू.

त्याच झटक्यात ऑफिसमागच्या खोलीचं पण विचारून घेतलं. म्हणलं बायको-पोरीला आणावं म्हणतो. त्यावर पण बघू म्हणाले. एका दिवसात दोनदा बघू. सरांचं बघू म्हणजे काम झालंच समजायचं.

६ एप्रिल, रविवार

शालूला फोन केला. खोली मिळाली म्हणून सांगितलं. मिळणारच आहे, उगं तिला लटकत कशाला ठेवायचं. ती म्हणाली, सर स्वतः म्हणले का? म्हणलं मग काय. म्हणाली, अहो नीट सांगा, मला शाळेत तसं कळवावं लागंल. ती गावच्या शाळेत खिचडी शिजवते. म्हणलं कळवून टाक. जूनला संस्कृती पहिलीत जाईल ती इथं ऑफिसजवळ, वारज्याच्या शाळेत.

एसी असल्याचं पण सांगितलं. गाडीत आहेच की.

९ एप्रिल, बुधवार

कसबा पेठेत बजरंगकाकांकडं गेलो. गाड्यांचे सीटकव्हर शिवतात. पुढच्या काचेचं आणि उजव्या दाराच्या काचेचं पेपर कटिंग नेलं होतं. डाव्या दाराचं कशाला? दोन्ही काचा सारख्याच.

काका म्हणाले, डाव्या दारासाठी पेपर उलटा ठेवून कापावं लागेल. म्हणलं काका, चांदी वरच राहू द्या आणि सगळे एका ठोक्यात कापा, कंपनीची ऑर्डर आहे. काकांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, कंपनी ब्लाउज शिवत असती तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या असत्या. मी हसलो नाही. कारागिराला जास्त बोलू दिलं की तो डोक्यावर बसतो.

सर एका गाडीचं म्हणाले होते. पण गाड्या तीन आहेत, अजून दोन घेणार आहेत. पाच संच सांगितले. लांबचा विचार कुणीतरी करायला पाहिजे. काका म्हणाले, कापलेला माल परत घेणार नाही. म्हणलं परत कोण आणतंय?

१६ एप्रिल, बुधवार

माल आला. पुढचं कव्हर आणि उजव्या दाराचं असं बसलं की बघत राहावं. डावं बसेना. पलटवलं तर बसलं, पण काळं अंग बाहेर आणि चांदी आत.

परत एकदा पलटवून बघितलं. मग लक्षात आलं, हे तर दोन्ही मोसमांचं झालं. उजवीकडं उन्हाळा, डावीकडं हिवाळा. असं कुणाच्याच गाडीत नसेल.

सर कोकणात गेलेत. बिल ऑफिसच्या खात्यावर टाकलं. आल्यावर खूश होतील.

२४ एप्रिल, गुरुवार

एका कुटुंबानं आजोबांच्या साठीला गाडी नेली. केक डाव्या सीटवर ठेवला. मी काय सांगू, फ्रिज मागं असताना माणूस केक पुढं ठेवतो. काळ्या बाजूनं ऊन पिऊन पिऊन काच अशी तापली की केकची खीर झाली. आजोबा हसले म्हणे. सून हसली नाही.

सरांनी पाचही संच ऑफिसात मांडायला लावले. एक-एक उचलून बघितला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, रतनराव, ज्या दोन गाड्या आपण घेतल्या नाहीत त्यांची कव्हरं आता कुठं ठेवायची, तुमच्या खोलीत का?

मी म्हणलं, चालेल सर.

सरांनी हातातलं कव्हर खाली ठेवलं. मग म्हणाले, त्या खोलीत पाण्याच्या टाक्या आहेत, त्या तिथंच राहणार. कव्हरांचे पैसे पगारातून.

२५ एप्रिल, शुक्रवार

सर आज रागात आहेत. राग गेला की खोलीचं परत काढतो. टाक्या गच्चीवर चढवता येतील, दोन माणसांचं काम.

शालूला एवढ्यात कळवायचं नाही. उगं काळजी करत बसंल.

२९ एप्रिल, मंगळवार

शालूचा फोन. गुरुवारी येतोय म्हणाली. ती, संस्कृती आणि सामान उचलायला तिचा भाऊ साईनाथ. म्हणलं इतक्यात कशाला, लई ऊन आहे. म्हणाली, तुम्हीच म्हणला ना एसी हाय.

फोन ठेवल्यावर टाक्या हलवून बघितल्या. भरलेल्या आहेत.

१ मे, गुरुवार

वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरले. शालूनं शेगडी आणली, परात आणली, पोरीचा जन्मदाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये खोचला होता. साईनाथच्या डोक्यावर गादी.

सुट्टीचा दिवस, ऑफिस बंद असेल म्हणून सरळ वारज्याला आणलं. सर होते. गादी बघितली, परात बघितली, मग माझ्याकडं बघितलं. मी बुटाकडं बघितलं.

सर म्हणाले, या वहिनी, पाणी घ्या. कुठं उतरलाय?

साईनाथ तोंड उघडणार होता. त्याच्या आधी शालू बोलली. म्हणाली, पुणं बघायला आलोय सर. पोरगी लई दिवस मागं लागली होती. उद्या जातो माघारी.

सर म्हणाले, अरे वा. रतन, सारसबाग दाखव यांना.

म्हणजे शालूला पुणं बघायचंच होतं. आधी बोलली असती तर रजा काढली असती.

२ मे, शुक्रवार

रात्री सर्वांना केबिनमध्येच झोपवलं, मी बाहेर. सरांना विचारलं नाही. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

सकाळी पोरगी स्टेअरिंगला लोंबकळली होती. म्हणाली, बाबा, हे घर चालतं? म्हणलं चालतं. म्हणाली, मग गावाला घेऊन चला की.

साईनाथ स्टँडवर म्हणाला, दाजी, एक शब्द खरा बोलला असता तर तिचं काम तरी राहिलं असतं. शाळेत दुसरी बाई लागली खिचडीला. म्हणलं पाण्याची बाटली घे, पुढं महाग मिळते.

शालूनं पोरीला मांडीवर घेतलं. गाडी हलल्यावर खिडकीतून एवढंच म्हणाली, जेवत जा वेळेवर.

रागावली नाही. म्हणजे समजून घेतलंय तिनं.

५ मे, सोमवार

समजून घेतलं नाही. फोन उचलत नाही. साईनाथनं उचलला, म्हणाला, झोपली. दुपारी बारा वाजता शालू कधी झोपत नाही.

संस्कृतीचं नाव गावच्या शाळेतच घातलं म्हणे. दप्तर आणि वह्या घ्यायच्यात. वारज्याची शाळा पुढच्या वर्षी, असं मी इथं आधी लिहिलं होतं. ते वाक्य खोडलं.

पगार झाला. दर महिन्याला घरी सात हजार जातात. कव्हरांचे आणि खानावळीचे वजा करून तीनदा मोजलं, दर वेळी तेवढंच उरलं.

शालूला पाठवले: दोन हजार चारशे रुपये.