शालन धावते हे मी घरी सांगितलं

१८ नोव्हेंबर १९५७, सोमवार
दिवाळीनंतर शाळा उघडली. मुलं अजून फराळाच्या गुंगीत. मधल्या सुट्टीनंतर हेडमास्तरांनी आम्हा शिक्षकांना बोलावलं. पालकसभेला कोणी फिरकत नाही, मागच्या वेळी मांडलेल्या खुर्च्या तशाच उचलाव्या लागल्या. तेव्हा आता वर्गशिक्षकांनीच घरोघर जायचं. मूल शाळेत काय करतं, कशात पुढे, कशात मागे, सगळं आईबापांच्या कानावर घालायचं. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. गणिताचे जोशी म्हणाले, "आता पोस्टमनची पण नोकरी आपणच करायची." मला मात्र कल्पना आवडली. माझ्याकडे दहावी ब. शिवाय मुलींचा खोखो आहेच.
घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "त्यांच्या मुलांचं त्यांनाच तू काय सांगणार?" म्हणाली. तिला शाळेतलं काही पटतच नाही.

२१ नोव्हें., गुरुवार
शाळेनंतर पाच रस्त्याच्या नाक्यापर्यंतची घरं केली. एका बाईने अर्धंच दार उघडलं, फी मागायला आले असं वाटलं तिला. दुसरीकडे आजोबांनी सगळे मार्क शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं, "म्हणजे पास की नापास?" तिसरीकडे पोहे. पाय दुखतायत, पण मजा आली. मुलं उद्या वेगळ्या नजरेने बघतील आपल्याकडे. घर बघून आलेल्या बाई म्हणून.

२३ नोव्हें., शनिवार
अर्धी शाळा. नंतर खोखोचा सराव. डिसेंबरात घाटकोपरला आंतरशालेय सामने. शालन परब आज काय धावली. बारीक चणीची पोर, वर्गात तोंडातून शब्द निघत नाही, आणि इथे खांबापाशी असा सूर मारते की समोरचीला कळायच्या आत ती बाद. जूनमध्ये ती नुसती कडेला बसून बघायची. एक दिवस आपणहून आली, "बाई, मी येऊ?" म्हणाली. तेव्हापासून रोज. मी ओरडत असते, "शालन, अजून जोरात." ती धावते.
सराव संपल्यावर विचारलं, घरी माहीत आहे ना घाटकोपरचं?
"हो बाई, आईला माहीत आहे."
मग झालंच.

२६ नोव्हें., मंगळवार
परबांकडे गेले. रेल्वेच्या फाटकापलीकडे, भांडुपच्या बाजूची चाळ. वडील कारखान्यात फिटर, पहिली पाळी, त्यामुळे चारनंतर घरी. बसायला खुर्ची पुसून दिली. आई चुलीशी. मालवणकडची माणसं, लालबाग सोडून इथे आले. "हवा बरी म्हणून आलो," म्हणाले. शालन पाण्याला गेली होती.
मी अभ्यासाचं सांगितलं. भूगोल चांगला, इंग्रजी कच्चं. मग मुद्दाम शेवटी ठेवलेली बातमी. तुमची मुलगी आमची सगळ्यात चपळ खेळाडू. सामन्यांत शाळेचं नाव काढणार.
परब म्हणाले, "खेळते म्हणजे? धावते?"
मी म्हटलं, वाऱ्यासारखी.
"कधीपासून?"
जूनपासून म्हटलं. शालनची आई पाठमोरीच होती. तवा चुलीवर, त्यावरची भाकरी करपत होती तरी तिने उलटली नाही. मला काहीच कळलं नाही. मी आपली बोलतेच आहे. सूर कसा मारते, हात कसा लांब जातो. हाताने करूनसुद्धा दाखवलं.
परब मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. आग्रा रोडचा आवाज यायला लागला तिथे थांबले. सांगितलं ते असं. शालन सात वर्षांची असताना सांधे सुजून मोठा ताप आला होता, काळजापर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले धावायचं नाही, उड्या नाहीत. तिचा मोठा भाऊ आधी त्याच दुखण्याने गेला. लालबागला तिसरा मजला होता, ते रोज तिला उचलून न्यायचे-आणायचे. म्हणून ही तळमजल्याची खोली.
"बरं केलंत बाई, सांगितलंत," म्हणाले. माझ्याकडे न बघता.

२७ नोव्हें., बुधवार
शालन वर्गात होती. मान वर नाही. मधल्या सुट्टीत मी हाक मारली. आली, उभी राहिली.
"मला का नाही सांगितलंस?"
"तुम्ही विचारलंत तेव्हा खरं सांगितलं. आईला माहीत होतं."
खरंच आहे. ती 'आई' म्हणाली, आणि मी 'घर' असं ऐकलं.
जाताना म्हणाली, "बाबा आईशी बोलत नाहीत. ताट वाढलेलं तसंच ठेवून गेले."
संध्याकाळी सराव घेतला. तिच्या जागी दुसरी. 

२८ नोव्हें., गुरुवार
हेडमास्तरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "कळवलंत हे फार उत्तम झालं. मैदानावर काही झालं असतं तर शाळेच्या अंगावर आलं असतं." जणू मी सगळं जाणूनच सांगायला गेले होते, असं बोलले.
त्यांचं चूक नाही. पण मी तिच्या जिवासाठी सांगायला गेले नव्हते. कौतुक करायला, थोडंसं स्वतःचंही कौतुक करून घ्यायला गेले होते.
आणि दुसरं. सहा महिने त्या पोरीला 'अजून जोरात' म्हणून ओरडत होते. पहिल्या दिवशी कडेला का बसली होती, एकदाही विचारलं नाही.

१ डिसेंबर, रविवार
दुपारी दार वाजलं. शालनची आई. एवढ्या लांब उन्हात चालत आली होती. माझ्या आईने पाणी दिलं, शालनची आई खाली बसली, खुर्चीवर बसेना. 
मग म्हणाली, "बाई, तेंका सांगूक नको होता. माका आधी विचारूक व्हया होता."
मी म्हटलं, मला माहीत नव्हतं हो.
"चेडू माजा खिडकीत बसान मोठा झाला. भायर पोरां खेळत, ह्या आपला गजांतसून बगता." खिडकीशी बसून वाढलेल्या त्या पोरीने, शालनने, जूनमध्ये हट्ट धरला. हिने हो म्हटलं. मग पहिले काही दिवस शाळेच्या कुंपणाबाहेर उभं राहून बघायची, मुलीला धाप लागते का, ओठ काळे पडतात का. "ता हसत होता, बाई. धावान येय आणि हसत रवी." मग तिने बघणं सोडलं.
मी विचारलं, डॉक्टरांना पुन्हा दाखवलंत का मधल्या वर्षांत?
नाही. पहिल्या डॉक्टरने जे सांगितलं ते सांगितलं. नवऱ्याला विचारायची भीती वाटत होती, आणि तिला स्वतःलाही. नवीन डॉक्टरनेही तेच सांगितलं तर?
आता नवरा बोलत नाही. एकदाच बोलला. "एक गेलो तो पुरलो नाय तुका?" असं. हे सांगताना ती रडली नाही. मीच इकडेतिकडे बघत बसले.
ती गेल्यावर आई म्हणाली, "जेवायला थांबवायचं होतंस." एवढंच. मला वाटलं होतं, बोलेल काहीतरी.

४ डिसें., बुधवार
परब शाळेत आले, कारखान्याच्या कपड्यांतच. हेडमास्तरांच्या खोलीत बसायला नको म्हणाले, व्हरांड्यात उभे राहिले.
"दहावी होऊ दे. पुढे अकरावी नको. घरी बसेल. मला रोज पाळीवर जीव खालीवर करत नाही बसायचं."
मी खूप बोलले. अकरावी करून मॅट्रिक झाली तर बसून करायची नोकरी मिळेल, टेलिफोन, टायपिंग. तिला खेळायला लावणार नाही. फक्त एकदा मोठ्या इस्पितळात नेऊन दाखवा. एवढ्या वर्षांत औषधं बदलली, पोरही मोठी झाली.
ते ऐकत होते. मग म्हणाले, "नेतो. आणि तोवर? तुम्ही जबाबदारी घेता बाई? तिला काही होणार नाही म्हणून?"
मैदानावर मुलं ओरडत होती. 
"मग," म्हणाले. चिडून नाही. पायऱ्या उतरून गेले.
हो म्हणायला हवं होतं? खोटं झालं असतं. नाही म्हणायलासुद्धा धीर झाला नाही.

८ डिसें., रविवार
घाटकोपरचे सामने. पहिल्याच फेरीत हरलो. मुली येताना गप्प. कोणीतरी हळूच म्हणालं, "शालन असती तर." मला ऐकू जावं असं नव्हतं, पण गेलं.
दुसऱ्या एका शाळेच्या बाईंनी विचारलं, तुमची ती बारकी कुठे, तिच्याबद्दल फार ऐकलं होतं. आजारी आहे म्हटलं. हा शब्द कसा आला तोंडात? ती आजारी दिसत नाही. दिसत नव्हती.

१० डिसें., मंगळवार
हे.मा. यादी मागतायत, किती घरं झाली. आज एका घरी गेले. मुलगा दर शुक्रवारी शाळा बुडवून टॉकीजला असतो, हे सांगायला. वडील खाटेवर, नुकतंच ऑपरेशन झालेलं. आईने चहा ठेवला. मी मुलाचं अक्षर सुधारलंय असं सांगून परत आले.
हेही बरोबर नाही. उद्या तो पोरगा नापास झाला की म्हणतील, बाई आल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. सांगितलं तरी मनाला लागतं, नाही सांगितलं तरी.
पूर्वी हे इतकं अवघड का वाटत नव्हतं. तोंडाला येईल ते बोलत होते, म्हणून.

१४ डिसें., शनिवार
परबांनी खरंच नेलं. शालनने आज वर्ग सुटल्यावर सांगितलं. रजा टाकून तिघंही गेले शहरात, मोठ्या इस्पितळात. तिथल्या डॉक्टरांनी खूप वेळ नळी लावून ऐकलं. काळजाचा आवाज अजून थोडा वेगळा येतो म्हणाले. चालायला हरकत नाही, जिने चढायला हरकत नाही. घरी बसवायचं कारण नाही. खेळायचं मात्र एवढ्यात नको, उन्हाळ्यात परत दाखवा.
"मग पुढे खेळायचं की नाही?"
"ते नाही बोलले. बाबांनी दोनदा विचारलं."
बाबांनी विचारलं, हे मला बरं वाटलं. तिला वाटलं की नाही, कळलं नाही.
येताना आईबाबा बोलले का?
"स्टेशनवर बाबा आईला म्हणाले, पाणी पिणार काय. आई नको म्हणाली."
एवढ्या दिवसांनी पहिलं वाक्य, आणि त्यावर नको.

१७ डिसें., मंगळवार
परब आले, शाळेच्या फाटकापाशी माझी वाट बघत होते. अकरावीला ठेवतो म्हणाले.  मग त्यांची अट. शनिवारी अर्धी शाळा सुटली की ते येणार. आठवडाभर ती शाळेत काय करते, कुठे बसते, धावते की नाही, मी सांगायचं.
"घरात मला कोण खरं सांगत नाही. तुम्ही सांगितलंत. तुमच्यावर विश्वास आहे."
मी म्हटलं, "तिच्या आईलाही घेऊन या. दोघांना एकदमच सांगेन."
ते त्यांनी कानाआड केलं. पण शनिवारचं मी कबूल केलं. दुसरं काय करणार. तिची अकरावी होती त्यात.
आईला सांगितलं. "म्हणजे पोरीवर नजर ठेवायची," म्हणाली. मी म्हटलं, काळजी घ्यायची. आईने तांदूळ निवडायला घेतले. आजकाल ती गप्प बसली की जास्त लागतं.

२० डिसें., शुक्रवार
शेवटच्या तासाला मला काम नव्हतं. शिक्षकखोलीच्या खिडकीशी वह्या तपासत होते. मैदान रिकामं, खांब उभे. शालन पाणी प्यायला म्हणून बाहेर आलेली असावी. नळाकडे गेलीच नाही. आधी चालली, मग भराभर, मग या खांबापासून त्या खांबापर्यंत धावली. एकदाच. वळताना हात खांबाला लावला, थांबली, छातीवर तळवा ठेवून उभी राहिली. मी अर्धी उठलेच होते. पण ती दमलेली नव्हती. मोजत होती बहुतेक ठोके, डॉक्टरांनी शिकवल्यासारखे. मग वर बघितलं आणि मी दिसले.
शाळा सुटल्यावर आपणहून आली. बाकीच्या मुली जाईपर्यंत दाराशी थांबली.
"उद्या बाबा येणार."
"हो."
"तुम्ही सांगणार?"
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.
तिने दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "सांगायचं तर सांगा बाई. पण त्यांना सांगण्याआधी मला सांगा, की सांगणार आहे म्हणून. तुम्ही घरी आलात तेव्हा मला पाण्याच्या रांगेत दुसऱ्या बायकांकडून कळलं."
हे मला ठाऊकच नव्हतं. तिला घरात शिरायच्या आधीच कळलं होतं तर.
"सकाळी ये. वर्ग भरायच्या आधी," म्हटलं. "आपण दोघी ठरवू."
"दोघी?"
"तू आणि मी."
मान हलवली तिने, हो की नाही ते कळलं नाही. मग चालत गेली, फाटकापर्यंत अगदी सावकाश. मी बघतेय हे तिला माहीत होतं.
उद्या लवकर निघायला हवं. तिच्या आधी पोचले पाहिजे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.