शून्य जोराचे स्वर

३ ऑक्टोबर, सोमवार

सगळं बदललं ते आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. कीबोर्डची पट्टी किती जोरात दाबली हे किती पायऱ्यांत मोजतात, असं स्टुडिओच्या मालकांनी मला विचारलं. मी छाती फुगवून एकशे अठ्ठावीस सांगितलं. मालकांना इथे सगळे दादा म्हणतात. दादा म्हणाले, कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यांचं हे असंच, धडा बदलला तरी पत्ता नसतो. आता पासष्ट हजार पाचशे छत्तीस! एरवी असल्या टोमण्यावर मी भांडलो असतो. कॉलेज सुटलं तेही असल्या भांडणांपायीच. आज मात्र हसलो, कारण नोकरी पक्की झाली होती.

तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचा स्टुडिओ आहे. भिंतींना राखाडी फोम, मधोमध कीबोर्ड आणि त्यापुढे गादीची दोन स्टुलं. आणि इथे वाजवायला येते टिटवी. कॉलेजातली, माझ्यापुढे दोन वर्षं. भर गॅदरिंगमध्ये माझं वाजवणं ऐकून तिने विचारलं होतं, वाजवतोयस की खिळे ठोकतोयस, आणि तेव्हापासून माझं नाव पडलं घण्या. त्याच दिवशी मी कामातून गेलो. खोटं कशाला लिहू, इथे आलोय तो तिच्यासाठीच.

४ ऑक्टोबर

काम समजलं. कीबोर्ड आवाज साठवत नाही, आकडे साठवतो: कुठली पट्टी, कधी दाबली, किती जोराने. जुन्या फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायच्या, एवढंच माझं काम. एका चौकटीतली टिक मात्र काढायची नाही, असं दादांनी दोनदा बजावलं. जुन्या पद्धतीत जोर शून्य लिहिला की अर्थ व्हायचा, बोट उचललं. नव्या पद्धतीत शून्य हाही जोरच. टिक गेली तर उचललेलं प्रत्येक बोट पुन्हा खाली बसेल, मग बस निस्तरत, म्हणाले.

मीही वाजवून पाहिलं. माझा सरासरी जोर ६१,२००. दादा म्हणाले, अरे, पट्ट्यांनी तुझं काय घोडं मारलंय?

६ ऑक्टोबर

आज टिटवीच्या चाळीस फाइली घेतल्या. तिचं नाव दिसलं आणि माझं लक्ष उडालं. टिक निघालेली कळली ती जेवणाच्या सुट्टीत. तिचं बोट जिथे जिथे उचललं गेलं होतं, तिथे शून्य जोराचा एक नवा स्वर. असे हजारो. त्यांतून काहीच ऐकू यायला नको. मी हेडफोन लावले. तिच्या वाजवण्याच्या जरा मागे, कुणीतरी पट्ट्या नुसत्या धरून ठेवतंय असं वाटलं.

दादांनी सगळं पुसायला सांगितलं. मी उगाच तोंड वर करून म्हणालो, माझी चूक आहे, मला हवी तेव्हा पुसेन. मनातलं कसं सांगणार? तिच्या बोटांचं उरलेलं काहीतरी आहे ते. वेगळ्या ट्रॅकवर जपून ठेवलं.

८ ऑक्टोबर

त्या शून्यांसोबत वाजवलं. नेहमीसारखाच बडवत होतो, तरी माझा जोर ४७,००० भरला. त्या ट्रॅकवर शून्य उरलेलं नाही. तिथे १४,२००.

बेरीज केली. ६१,२००. तीनदा केली.

१० ऑक्टोबर

माझे २२,०००. त्याचे ३९,२००.

कीबोर्ड बिघडला म्हणून दादांनी स्वतः वाजवून पाहिला. ठणठणीत आहे. चहाचा कप मी मुठीत धरला होता. अरे भाजेल, म्हणून दादा ओरडले. भाजलं असेल. मला काही कळलं नाही.

दुपारी टिटवी आली. तो ट्रॅक सुरू होता. मी त्यात काहीही वाजवलेलं नाही, तरी तो रोज लांबतोय. ती दारातच थांबली. कोण वाजवतंय विचारलं. दादा म्हणाले, दुसरा कोण, तुझा घण्या. ती म्हणाली, जोर तोच आहे रे, पण राग गेलाय, आत्ता कुठे माणसात आलास. मग दोन तास बसली. उद्यापासून रोज येते म्हणाली.

दोन वर्षांत तिचं पहिलं बरं बोलणं. मी बाजूला उभा होतो. ती बोलत होती दुसऱ्या स्टुलाकडे बघून.

११ ऑक्टोबर

९,५००.

ट्रॅक पुसायचा तर एक बटण दाबायचं. पुसला तर माझं मला परत मिळेलही. पण परत मिळणार ते तिने नाक मुरडलेलं.

त्याचा राग यायला हवा होता. वाट बघितली. आला नाही.

१२ ऑक्टोबर

३,१००. पेन्सिलही नीट उमटत नाहीये, अक्षरं गिरवावी लागतात.

दादांनी टिटवीला विचारलं, घण्या आज उगवला का. मी दोघांच्या मधे उभा. ती म्हणाली, हा काय, बसलाय की ढिम्म! आणि स्टूल दाखवलं. दादांनी मान डोलावली.

स्टुलाची गादी दबलेली होती —

१३ ऑक्टोबर

४००. एक बटण दाबायला पुरतील.

बोट ठेवलं. दाबणार तेवढ्यात ती हसली. तिचं डोकं कलंडलेलं, खांद्यावर टेकल्यासारखं. खाली खांदा नाही. तरी डोकं पडत नव्हतं. डोळे मिटलेले. तिला इतकं निवांत मी कधी —

म्हणत होती, घण्या, हात किती गरम आहे रे तुझा.

बोट काढून घेतलं.

वही घेतली. चपला घातल्या. कुठे निघालास, कुणी विचारलं नाही. स्टुडिओचं दार जड. हाताने हलेना. अख्खं अंग लावून बाहेर आलो, पाठ टेकून ढकललं. ढकललं. लागलं.

दार लागल्याचा आवाज —