सुनंदा टाइप करते आहे

११ ऑगस्ट, रवि.
कीबोर्ड आला. लेकीने, मेघनाने पुण्याहून मागवलाय, मेकॅनिकलच पण 'सायलेंट'वाला. मीच तसा सांगितला होता. दिवसभर मसाटला कंपनीत धाग्याच्या मशिनांत कान फुटतात, घरी तरी शांतता हवी की नको? सु.च्या टॅबलेटला जोडून दिला. होळीनंतर तिची जीभ जड झाली, आता तर मलासुद्धा तिचा शब्द कळत नाही. फोनवर टाइप करायला गेली की बोट भलतीकडेच पडतं. यावर बरं जमतंय. शाळेत प्रश्नपत्रिका टाइप करायची सवय कामी आली. पहिलं वाक्य: "अहो, आधी ते बनियन बदला." म्हटलं चला, मास्तरीण जागी आहे.

१४ ऑगस्ट
माझ्यावरच डोकं फिरलंय. ती हॉलमध्ये, मी ओट्याशी, तिच्याकडे पाठ. वरणाला फोडणी देऊन वळतो तर बाई रडतायत. टॅबलेटवर: "अहो." खाली परत "अहो." मग "पाणी द्या ना." मग "ऐकू येतंय का?" डोंबल ऐकू येणार! सायलेंट घेतला ना शहाण्याने.
टॅबलेट लिहिलेलं वाचूनही दाखवतो म्हणे. लावून बघितलं. त्यातली बाई स्टेशनवरच्या घोषणेसारखी बोलते. सु.ने कानांवर हात ठेवले. मग टाइप केलं: "ही सवत बंद करा."

१८ ऑगस्ट, रवि.
मेघनाशी फोनवर डोकेफोड. या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच. निळा म्हणजे टकटक वाजणारा, तपकिरी नुसता बोटाला जाणवणारा, लाल गुळगुळीत. कुठला किती ग्रॅमला दबतो तेही छापलेलं असतं. असलं काही वाचलं की मला बरं वाटतं. पोरगी म्हणाली, "बाबा, निळा नको, दाबायला जड असतो. आईच्या हातांचं काय?" तिचे हात ठीक आहेत, म्हटलं. "बाबा..." निळाच माग म्हणालो. मला स्वयंपाकघरात ऐकू आलं पाहिजे. बास.

२५ ऑगस्ट, रवि.
निळा आला. काय वाजतो! घरात परत बोलणं सुरू झाल्यासारखं वाटतंय. नुसत्या आवाजावरून मूड कळतो, रागावली की स्पेसबार आपटते. पोळ्या मी लाटतो आता (हसायचं काम नाही). तर तिकडून टकटक टकटक. जाऊन बघतो: "कणीक घट्ट झालीय. इथून दिसतंय."
लक्ष्मीमावशी रोज मी नसताना तिच्याजवळ असते, रविवारीही येऊन जाते, खानवेलकडची आहे. तिला वाचता येत नाही, पण शेजारी बसून ऐकते. आज जाताना म्हणाली, "बाई आज लई बोलल्या."

७ सप्टें.
गणपती बसले. दरवर्षी आरती ती सुरू करायची, खणखणीत. बिल्डिंगमधले सगळे तिच्या मागे. आज सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी कसाबसा सूर लावला. सु.ने कीबोर्ड मांडीवर घेतला आणि स्पेसबारवर टाळ धरला. बरोबर तालात. मला पुढे म्हणताच येईना. शेजारच्यांनी ओढून नेली.

१९ सप्टें.
मुंबईला दाखवून आलो. डॉक्टर तरुण, सभ्य. तिला बाहेर बसवून मला आत घेतलं. आजार तिचा आणि बाहेर तीच! आणि मीही गप्प गेलो आत. म्हणाले, आता गिळणं अवघड होत जाईल, मग श्वास. पोटात नळी घालायची का, पुढे गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं का, हे त्यांना विचारा. "हात चालतायत तोवर विचारा. त्यांचं उत्तर त्यांच्या शब्दांत यायला हवं."
हो म्हणालो. गाडीत ती झोपली होती. म्हटलं वापी आल्यावर विचारू. मग म्हटलं घरी गेल्यावर.
नाही विचारलं.

२९ सप्टें., रवि.
तिच्या उजव्या हाताच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात जोर राहिला नाही. निळा जड जातोय. पोरीने तेव्हाच सांगितलं होतं, म्हणून आज तिला फोन केला नाही.
स्विच उघडून आतली स्प्रिंग बदलता येते. जन्मभर मेंटेनन्समध्ये दुसरं केलं काय! हलक्या स्प्रिंगा मागवल्या.

६ ऑक्टो., रवि.
सबंध दिवस चिमटा आणि भिंग. कंपनीतला जिग्नेशभाई मदतीला आला. "साहेब, आटलुं बधुं शुं काम? नवुं लई लो ने." अरे बाबा, नवा कुठून घेऊ? वाजणारा आणि हलका असा दोन्ही मिळत नाही, म्हणून तर हा उद्योग.
फारच हलक्या स्प्रिंगा घातल्या बहुतेक. क खाली गेला तो वर येईचना. स्क्रीनभर कककककक. सु. हसायला लागली, तिचं ते आताचं हसणं, आवाज नाही, नुसते खांदे हलतात. आम्ही तिघेही हसलो. मग तिला ठसका लागला. थांबेना. ओठ निळे दिसायला लागले. पाठ चोळली, पुढे वाकवून धरली, मग कुठे श्वास आला. जिग्नेश भिंतीला चिकटून उभा. जाताना पायात चपला न घालताच जिना उतरला बिचारा.
तेव्हा तरी विचारायला हवं होतं. मी क दुरुस्त करत बसलो.

१४ ऑक्टो.
निळे सगळे काढले. हलके लाल घातले, बोट टेकवलं की पुरे. आवाज जवळजवळ नाहीच. फार वाईट वाटलं काढताना. काढलेले डबीत भरले तर ती बघत होती. टाइप केलं: "आता तुम्ही जवळ येऊन बसा, म्हणजे झालं."
बसलो. विचारायचं ठरवूनच बसलो होतो. विचारलं काय, तर बटणं हलकी वाटतात का.

२७ ऑक्टो., रवि.
भांडण. टॅबलेट पुढचा शब्द सुचवतो, ती घेत नाही. पूर्ण शब्द, वेलांटी-उकारासकट, शेवटी पूर्णविराम. म्हटलं, घे की सुचवलेला, बोटांचे कष्ट वाचतील. "मा" लिहिलं. मी म्हटलं, मान दुखतेय? मावशी पाहिजे? मुठीने सगळी बटणं दाबली तिने. मग सावकाश: "माझं मला बोलू द्या."
मग तिने लिहिलं: "डॉक्टर काय म्हणाले?"
म्हटलं, औषधं चालू ठेवा म्हणाले.
"मग मला बाहेर का बसवलं?"
मी कीबोर्ड उचलला. म्हटलं, धूळ साचलीय गं यात, साफ करून देतो. आणि आत घेऊन आलो.
बायकोच्या तोंडावर हात ठेवण्यापेक्षा हे वेगळं काय? ओट्यावर ठेवून ब्रश फिरवत राहिलो. धूळबिळ काही नव्हती. लाज वाटते लिहायला.

२८ ऑक्टो.
सकाळीच परत नेऊन ठेवला. दिवसभर हात लावला नाही तिने. मावशी म्हणाली, "बाईंनी आज तोंड नाय उघडलं."

२ नोव्हें.
दिवाळीला मेघना आलीय. चकल्या विकतच्या. तिने येताना आणखी हलके स्विच आणले, मी लगेच पुडकं फोडायला बसलो, तर ओरडली माझ्यावर. "बाबा, तुम्ही बटणंच बदलत बसणार आहात का? विचारा ना तिला!" तिला डॉक्टरांचं सगळं माहीत आहे, मीच सांगितलं होतं फोनवर. जगाला सांगितलं, जिला सांगायचं तिला सोडून. ती उठून विचारायला निघाली. मी दारात आडवा झालो. म्हटलं, मी विचारेन. नवरा मी आहे तिचा.
"केव्हा?"
पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला वाटतं सु.ने ऐकलं असणार.

१० नोव्हें., रवि.
डावा हात मांडीवरून उठत नाही. उजव्याची पहिली दोन बोटं तेवढी उरलीत, त्यातलं एकच भरवशाचं. एका वाक्यात चहा निवतो. मी मध्ये बोलत नाही आता. मागे उभं राहून वाचतही नाही, पूर्ण झालं की ती मान वळवते.
आज लिहिलं: "तुम्ही वाळलात." मलाच म्हणते!

१७ नोव्हें., रवि.
विचारलं.
अंघोळ घातली, केस विंचरले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि समोर बसलो. सगळं सांगितलं. नळी, मशीन, गळ्याचं. डॉक्टर कधी म्हणाले तेही. इतके दिवस का नाही सांगितलं तेही: मला भीती वाटते, तू नको म्हणशील. आणि हो म्हणालीस तरी वाटते. बोलता बोलता हमसून रडलो, म्हातारा माणूस. ती नाही रडली. माझा हात थोपटला, म्हणजे बोट वर केलं आणि ठेवलं. मग कीबोर्डाकडे बघितलं.
टॅबलेट पुढे ओढून दिला. शेजारी बसायला लागलो तर डोळ्यांनीच आत जा म्हणाली.
म्हणून इथे ओट्यावर वही ठेवून लिहितोय. दार उघडं आहे. लालचा आवाज इतक्या लांब येत नाही असं मला वाटायचं. येतो. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप.
हो लिहायला किती वेळ लागतो? नको लिहायला किती? दोन्ही केव्हाच लिहून झालं असतं. बरंच काहीतरी लिहितेय. यातलं नक्की काय यावं असं मला वाटतंय, ते मलाही सांगता येत नाही. मशीन लावा म्हणाली तर जन्मभर उशाशी बसेन. नको म्हणाली तर
नाही लिहवत.
कुकर लावायचा राहिला. मावशी हॉलमध्ये डोकावून आली, म्हणाली, "बाई लिव्हतात." म्हटलं, लिहू दे. कुणी बोलायचं नाही मध्ये.
टप.
अजून चालू आहे.