बाजरीच्या कोठीतली वही

तिसगाव
९ मे २०२४, सकाळचे साडेधा

चि. सृष्टी,

आजीचा आशीर्वाद. हितं समदी बरी हायेत. म्हस गाभन हाय, तुझ्या आईचं त्वांड चालू हाय, ऊन मरनाचं हाय. तुझ्याकडचं ऊन तुलाच ठावं.

दुसरीतनं शाळा सुटलेली माझी, तवा अक्षराला हसू नको. फोनवर बोलन्यासारखं आसतं तर बोलले आसते. पन तुझ्या बेटावरचा फोन आठवड्यातनं एकदा लागतो, आन हितं तुझी आई राजेश्वरी कान लावून बसलेली. गहिनीनाथचा टेम्पो तीन वाजता कांदा घेऊन पुन्याला निघायचाय. त्याच्या आत मला हे उरकायचंय.

संगं पिशवी देते. कैरीचं लोनचं हाय. शेंगदान्याची चटनी हाय, तिखट जरा जास्त पडलंय, तिथल्या भाताला तेवढं लागंलच. तळाला आनखी एक वस्तू हाय. ते पुढं सांगते.

सुप्याचं स्थळ तुझ्या आईनं अजून सोडलेलं न्हाई. पोरगा कंपनीत हाय म्हनं. फोटो बघितला. वाळल्या भाकरीवानी त्वांड. तू काळजी करू नको, मी म्हस इकायचं निमित्त काढून पाहुन्यांना जेठापातुर थांबवलंय.

आता रविवारचं. तू फोनवर म्हनालीस, "आजी, वही हरवली म्हनून दिवसातनं दोनदा समुद्रात उतरावं लागतंय. प्रवाळाला खुना कुठं मारल्यात ते हुडकन्यातच पाठीवरची हवा संपती." मी म्हनाले, "डाक्टरनी एकदाच सांगितलंय न्हवं?" तू म्हनालीस, "पंधरा तारखेनंतर समुद्र बंद हुतो. मंग बोट न्हाई, काई न्हाई. हे ऊन हातचं गेलं की वर्स गेलं." आन फोन कापला.

त्यानंतर मी चार दिवस तुझा नंबर लावतेय. लागत न्हाई.

वही पिशवीत हाय, सृष्टे. तळाला. ती हरवली न्हवती. मी घेतली हुती.

आता शिव्या द्यायच्या आसल्या तर दे, मंग पुढचं वाच.

तू ती वही उतरवून काढायला घरी आनलीस, म्हनालीस दवाखान्यामुळं फोटो काढायचे राहिलेत, आन ही एकच हाय. ते "एकच हाय" मी ऐकलं. तू आंगोळीला गेलीस तवा उचलली आन बाजरीच्या कोठीत कोपरभर खाली सारली. मंग तू यष्टी स्टँडवर दोन चकरा मारल्यास, कंडाक्टरच्या हातापाया पडलीस. तुझी आई म्हनाली, "येवढी शिकली आन एक वही सांभाळता येईना." मी बी तुझ्यासंगं पोती हलवीत हुते. "माळ्यावर बघ गं, गोधड्यात बघ," आसं तोंडानं म्हनत हुते. कोठीला पाठ लावून.

मला वाटलं, वही न्हाई तर काम न्हाई. काम न्हाई तर पोरगी पान्यात उतरायची न्हाई. आन तू तर वहीपायी दुप्पट उतरायला लागलीस. माझी अक्कल ही येवढी.

तुझ्या आईला तुझा कान दुखला येवढंच म्हाईत हाय. खरं आपल्या दोघीतच हाय. फेब्रुवारीत तू खोलातनं घाईनं वर आलीस, रक्तात हवेचे बुडबुडे झाले, आन कोचीच्या दवाखान्यात तुला हवेच्या दाबाच्या लोखंडी टाकीत निजवलं. बाहेर आल्यावर तू मलाच फोन केलास. हसत हुतीस. मागं कुनी बाई हिंदीत इचारत हुती, पायाला टाचनी लागती का. फोनवर हात ठेवून तू तिला "न्हाई" म्हनालीस. हात नीट ठेवला न्हाईस. मी ऐकलं.

पाय परत आला. ते "न्हाई" माझ्या कानातनं गेलं न्हाई.

आन पवायला तुला शिकवलं कुनी? सात वर्साची हुतीस. कमरंला सुका भोपळा बांधून मळ्यातल्या हिरीत मीच ढकलली. वर आलीस ती मला थेरडे म्हनतच. तवा मला लई आनंद झाल्ता. आता वाटतं, ढकललीच नसती तर.

थांब. तुझी आई आली. मी तिला म्हनलं, किराना लिहितेय.

गेली ती. येक वाजला. जेवले न्हाई अजून.

वही मी नुसती लपवली न्हाई, वाचली बी. दुपारी कोठीतनं काढायची आन वाचायची. इंग्रजी कळत न्हाई, पन आकडे कळत्यात. तू ओट्यावर बसून सांगितलं हुतंस ते ध्यानात हुतं. प्रवाळ दगडावानी दिसतं, पन जितं. त्याच्या आंगात शेवाळ राहतं, तेच त्याला खायला घालतं. पानी लई तापलं की शेवाळ जातं आन प्रवाळ पांढरंफटक पडतं. मी म्हनाले, मेलं की मंग. तू म्हनालीस, "मेलं न्हाई आजी, उपाशी हाय. पानी येळेवर निवलं तर शेवाळ परत येतं." आन तू दर खेपंला त्याच त्याच प्रवाळाशेजारी रंगाचा पट्टा धरून आकडा लिहितीस. येक म्हंजे पांढरं, सहा म्हंजे गडद, फुली म्हंजे मेलं.

त्यातला चौदा नंबर माझ्या मनात बसला. गेल्या उन्हाळ्यात पाच, चार, दोन, येक, येक. मला वाटलं आता फुली. तर पुढं दोन. मंग तीन. फेब्रुवारीत चार. आन त्याच्या शेजारचा नऊ नंबर पाचाखाली उतरलाच न्हाई. पानी येकच, ऊन येकच. येक टिकतं आन शेजारचं न्हाई, आसं का, हे मी तवाच ओट्यावर इचारलं हुतं, तर तू म्हनालीस, "तेच तर मोजतेय."

मी तीस वर्सं घोडेगावच्या बाजारात म्हशी पारखल्यात. थंडीत समद्याच म्हशी देखन्या दिसत्यात. म्हस बघायची तर चैत-वैशाखात, धाप लागलेली आसताना. कोनती चारा सोडती, कोनती सोडून परत धरती. ते ऊन हुकलं की वर्सभर कुनी काई सांगू शकत न्हाई. कोठीपाशी बसून मला हे सुचलं. तुझं चुकत न्हवतं.

काल पुठ्ठ्याच्या आत नंबर दिसला, तुझ्या पुन्याच्या हापिसातल्या अंगदचा. गहिनीनाथच्या फोनवरनं लावला. तो म्हनाला, "आजी, वही कुठं सापडली?"
"बाजरीत."
"बाजरीत कशी काय?"
"ते तिला सांगीन. तुला आकडे पायजेत का बाजरी?"

पोरगं हसलं, पन शहानं हाय. उद्या वही हातात पडली की पानांचे फोटो बेटावरच्या हापिसात पाठवतो म्हनाला, आन बाराला वही घेऊन स्वता बोटीत बसतो. तंवर तुला येकदाच उतरायचा निरोप देतो म्हनाला. दिला का न्हाई, मला कळायला मार्ग न्हाई. तू ऐकलास का न्हाई, ते तर त्याहून न्हाई.

गहिनीनाथनं हारन वाजवला. अडीचलाच आलाय मुडदा.

येवढंच सांगते. खुना आता वहीत हायेत, हुडकत बसू नको. सरळ जा, आकडा लिही, सावकास वर ये. सावकास. वर आलीस की रविवारी मला चौदा नंबरचा आकडा सांग, आसंल तो. फुली आसली तरी सांग.

आन त्याच्याखाली तुझा सांग. येक ते सहा. फोनवर हात न ठेवता. तुझ्या आईला मी कान दुखतोय म्हनून सांगीन, मला मात्र खरा पायजे.

माझा आज दोन हाय. दिवसातनं येकदाच उतरून वर आलीस म्हनून कळलं की तीन धर.

वही चोरनारी तुझी आजी,
केशरबाई