नुसतं व्हय म्हणाले म्हणून

१४ फेब्रुवारी २००७
हे जामिनावर सुटून आले. अंघोळ, भाकरी आणि लगेच शेरडांकडे. विचारलं, "पोलिसांनी आत काय विचारलं?" म्हणे, "लई इचारलं." काय लई? "तेच." संपलं बोलणं. या माणसाकडून चार वाक्यं काढायची म्हणजे आडातून पोहरा काढण्यापेक्षा कठीण.

गोविंदा अजून आत. टेकडी खोदायला आलेलं कंपनीचं पोकलेन पेटवलं ते त्यानं आणि त्याच्या दोन दोस्तांनी, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. यांचा चुलतभाऊ असला म्हणून काय झालं? ते जळत होतं तेव्हा हे माझ्याबरोबर नांद्याला, भाचीच्या हळदीला. फोटोत आहेत, गालाला हळद लावलेले. तरी आरोपी नंबर चार. का, तर कट केला म्हणून.

यांनी आणि कट! घरी पाहुणे आले तर कोंबडी कापायची का नाही, हे यांचं पाहुणे परत जाईपर्यंत ठरत नाही.

२ मार्च २००७
वकीलबाई मिळाल्या. लातूरकडच्या, नांद्यात राहतात, नवरा हिंजवडीला कंप्युटरवर. बोलतात बऱ्या. मी पहिलंच सांगितलं, फोटो आहे, हे तिथं नव्हतेच. त्या म्हणाल्या, "सुमनताई, जाळताना नव्हते हे आपण दाखवू. पण कटाला तिथं असावं लागत नाही. आधी ठरवताना सामील असलं तरी पुरतं."

म्हटलं मग पुरावा कसला? ठरवलं म्हणून कोणी सही-अंगठा करतं का? तर म्हणाल्या, म्हणूनच तर आजूबाजूच्या गोष्टींवरून ठरवतात. कोण कुठं बसलं, काय बोललं, पुढं काय झालं. आणि कट आहे असं कोर्टाला एकदा वाटलं की एकाचं बोलणं दुसऱ्यालाही लागतं. गोविंदानं फोनवर कुणाला तरी फुशारकी मारली, "आमचं सगळ्यांचं ठरलंय." त्या सगळ्यांत हे पण.

बोलला तो, अडकले हे. तळपायाची आग मस्तकात गेली.

एक मात्र बरं सांगितलं. नुसतं माहीत असणं म्हणजे कट नव्हे. हो म्हटलेलं दिसलं पाहिजे. आणि पोलिसांच्या कागदात तेवढंच एक वाक्य यांच्याबद्दल: 'आरोपी क्र. ४ याने होकार दिला.'

होकार! वीस वर्षं मी या होकाराची वाट बघतेय.

९ ऑगस्ट २००७
आज कोर्टात आरोप वाचून दाखवले. साहेब वाचतायत, हे हात जोडून उभे.
"तुम्ही इतर आरोपींसोबत..."
"व्हय."
"आपसात संगनमत करून..."
"व्हय."
मी मागच्या बाकावर कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे गुन्हा कबूल आहे?"
हे म्हणणार होते परत! वकीलबाई ताडकन उठल्या. "साहेब, ते फक्त ऐकतायत. त्यांच्याकडं ऐकताना असंच म्हणतात." साहेब म्हणाले, "मग ऐकताना गप्प बसायला सांगा." पाठीमागे सगळे हसले. मी नाही हसले.

बाहेर आल्यावर म्हटलं, अहो, काय करताय काय? तर म्हणतात, "एवढा मोठा मानूस बोलतोय, व्हय म्हनायला नगं?"

१२ ऑगस्ट २००७
शिकवणी सुरू केली. अंगणवाडीत पोरांना शिकवते तसंच. मी साहेब, हे आरोपी.
"तुम्ही कट केला?" "न्हाई."
"गोविंदाला सांगितलं?" "न्हाई."
"शाब्बास. आता पाणी आणता का टाकीवरून?" "व्हय."
पाणी आणलं नाहीच. वहीत लिहून ठेवते, उद्या कुणी पुरावा मागितला तर.

जानेवारी २००८, तारीख विसरले
कोर्ट. साहेब रजेवर. एसटीत उलटी झाली.

१७ जून २००८
कोर्ट. गोविंदाचा वकील आला नाही. पुढची तारीख. शेरडं शेजाऱ्यावर सोडून जायचं, पेरणीचा दिवस मोडायचा आणि तिथं जाऊन ऐकायचं काय, तर पुढची तारीख. बाकावर बसून बसून पाठ गेली. लोक विचारतात, "अजून चालूच हाय व्हय?" जणू मीच लांबवतेय.

१९ नोव्हेंबर २००८
किसनची साक्ष झाली. किसन म्हणजे आमचा शेजारी, आमच्या अंगणात वाढलेला. आता कंपनीत वॉचमन. अंगात निळा शर्ट, माझ्याकडे बघेना.

वकीलबाईंनी मला आत बसू दिलं नाही. "तुम्हाला साक्षीला घ्यावं लागलं तर? बाहेर थांबा." दुपारी बाहेर येऊन सांगितलं. किसन म्हणाला, यांच्या अंगणात सगळे बसले होते, चहा चालला होता, गोविंदा म्हणाला, "परवा उरकून टाकू, सगळे हायेत न्हवं?" आणि हे म्हणाले व्हय.

मी म्हटलं, परत सांगा. परत सांगितलं.

अहो, तो चहा मीच टाकलेला! मीच ओट्यावरून ओरडून विचारलं होतं, अजून टाकू का? हे म्हणाले, व्हय. ते व्हय मला होतं! दुसऱ्यांदा टाकला, गुळाचा, कारण साखर संपली होती. लख्ख आठवतंय. गोविंदा काय बोलला ते मला ऐकू आलं नव्हतं, स्टोव्ह भणभणत होता.

वकीलबाईंनी माझा हातच धरला. "हे आधी का नाही सांगितलंत?" कसं सांगणार? आधी कुणी विचारलंच नाही की व्हय कशाला होतं.

२० नोव्हेंबर २००८
मी साक्ष द्यायची. वकीलबाई म्हणाल्या, उलटतपासणीत त्रास देतील, बायको नवऱ्याचंच सांगणार असं म्हणतील, पण शंका तरी उभी राहील. मी म्हटलं देऊ दे त्रास. मला किती बोलता येतं ते त्यांना पण कळू दे.
यांना सांगितलं. शेळीच्या खुरातला काटा काढत होते. काही बोलले नाहीत. म्हणजे पसंत आहे असं मी धरलं.

२४ मार्च २००९
लिहायलाच नको वाटतंय. पण लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

आज यांचा जबाब. सरकारचे साक्षीदार संपले की साहेब आरोपीला एकेक प्रश्न विचारतात. शिकवल्याप्रमाणे सगळ्याला "न्हाई", "खोटं हाय". एकदाही चुकले नाहीत. मी दाराबाहेरून ऐकत होते, छाती फुगली. मग शेवटचा प्रश्न. "तुमच्या बाजूने कुणी साक्षीदार द्यायचा आहे का?"

"न्हाई."

अगं बाई! मी नवी साडी नेसून दारात उभी, आणि हे न्हाई! वकीलबाई उठल्या, म्हणाल्या साहेब, सवयीनं बोलले, परत विचारावं. साहेब भला माणूस, परत विचारलं, अगदी सावकाश. "तुमच्या बायकोला साक्षीला बोलवायचं का?"

यांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. "न्हाई. म्हटलं न्हवं का, न्हाई."

लग्नापासून यांच्या तोंडून मी असा ठाम शब्द ऐकला नव्हता. काढायचा तर आज?

एसटीत मी यांच्या शेजारी न बसता पलीकडच्या बाकावर बसले. हे खिडकीतून बाहेर बघत होते.

२५ मार्च २००९
सकाळी भांडले. जेवढं साठलं होतं तेवढं सगळं काढलं. तुरुंगात जायची एवढी हौस आहे का, शेरडं मी एकटीनं सांभाळायची का, लोकांनी मला काय म्हणायचं. हे ऐकत राहिले. व्हय पण म्हणाले नाहीत.

मग बोलले. हळूच.
"किसन्यानं साक्षीत काय सांगितलं?"
"तुम्ही व्हय म्हणाला ते."
"आनि चहा?"
"चालला होता म्हणाला."
"कुनी केला, ते सांगितलं त्यानं?"

नाही. नव्हतं सांगितलं. अंगणात कोण कोण होतं ते सगळं सांगितलं, एकेकाचं नाव घेऊन. माझं नाही.

म्हणाले, "त्यानं तुझं नाव घेतलं न्हाई. वहिनी म्हनून. म्या घेऊ व्हय? तू तितं उभी ऱ्हायलीस की पयलंच इचारतील, व्हय ऐकलंस तर गोविंदाचं बी ऐकलंस. मंग कुनाला सांगितलं का न्हाईस? चहा कशाला पाजलास? माझं येक व्हय हितवर आलं. तुझे दोन चहा कुटवर जातील?"

मी चूल फुंकत बसले, ती पेटलेलीच होती.

२ एप्रिल २००९
वकीलबाईंना फोन केला, एसटीडीवरून. म्हटलं, चहा करून देणं म्हणजे कट होतो का? म्हणाल्या, "छे, नाही होत." मग स्वतःच म्हणाल्या, "होऊ नये." मी म्हटलं बाई, नुसतं माहीत असणं म्हणजे कट नव्हे, असं पण म्हणाला होतात तुम्ही. त्या चिडल्या. म्हणाल्या, मी तुमच्या बाजूची आहे. मग म्हणाल्या, शेवटच्या तारखेला अर्ज देऊन साक्ष घेता येईल, साहेब नाही म्हणणार नाहीत. पण दोघांनी मिळून ठरवा.

मिळून ठरवा! आम्ही मिळून काही ठरवत नाही, म्हणून तर हे सगळं.

किसन पाण्याच्या टाकीवर भेटला. मी म्हटलं, का रे बाबा, माझं नाव का नाही घेतलंस? म्हणाला, "कुनी इचारलं न्हाई, वहिनी." हंडा भरून दिला आणि गेला. त्याला शिव्या द्यायच्या ठरवून गेले होते. दिल्या नाहीत, याचाच राग येतोय.

८ एप्रिल २००९
कोर्टाच्या बाकावर बसून लिहितेय. हे शेजारी. नवी साडी नाही नेसले, अंगणवाडीचीच आहे.
वकीलबाई अर्ज तयार करून बसल्यात. दोनदा विचारून गेल्या, "काय ठरलं?" मी म्हटलं ठरतंय. ठरतंय कसलं. घरापासून इथवर एक शब्द नाही. तुरुंग झाला तर यांना होणार, तरी साक्ष दिली तर माझं काय होईल या धसक्यानं हा माणूस झोपत नाही. मला पण भीती वाटते. खोटं कशाला लिहू. पण मी गप्प बसले आणि यांना आत नेलं, तर त्या घरात मी भाकरी कशी खाऊ?
यांनी आत्ता माझ्या मनगटावर हात ठेवला, एवढ्या लोकांदेखत. म्हणतात, "तू बस हितंच."
शिपायानं पुकारा केला, यांच्या नावाचा. मी उठतेय.