एकवीस पायऱ्यांची शिडी

प्रिय फ्यूज,

या नावाने तुला आता कुणी हाक मारत असेल असं वाटत नाही. प्रशिक्षणाच्या वर्गात एखादा दिवा लागला नाही की आम्ही सगळे सरांच्या तोंडाकडे बघायचो आणि तू कुबड्या सावरत आधी फ्यूज बघायला निघायचीस, त्यावरून पडलेलं नाव. तुझा पत्ता शोधायला खटपट करावी लागली नाही. आमच्या रस्त्यावरचा दिवा बंद होता म्हणून तक्रार नोंदवायला फोन केला, तर पलीकडे तू. ‘खांबाचा नंबर सांगा,’ म्हणालीस. मी नंबर सांगितला आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दिवा लागला होता.

माझं बरं चाललंय. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत ती तुझी चौकशी करायची, ‘ती तुझ्यापेक्षा हुशार होती गं,’ असं सहज म्हणून जायची. मी विषय बदलायचे. नाट्यगृहात आता नवे दिवे आलेत, हात भाजत नाहीत. खुर्च्यांना नवं कापड लागलंय. प्रकाशविभागात मी अजूनही एकटीच बाई आहे आणि पुरुष सहकाऱ्यांना त्याची इतकी सवय झाली आहे की ते ‘चला रे सगळे’ म्हणून हाक मारतात, त्यात मीही धरलेली असते.

गेल्या महिन्यात आमच्या प्रमुखांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. डॉक्टरांनी जिने बंद सांगितले, आणि दिव्यांची केबिन तर अजूनही वर, शिडीच्या टोकालाच आहे. आताचा मॅनेजर म्हणाला, ‘मामांना वर चढवायचं नाही, दिव्यांचं टेबल खाली आणा.’ दोन सुतार आले. शेवटच्या रांगेतल्या तीन खुर्च्या काढल्या, कॅन्टीनमधलं एक लांब टेबल आणलं, केबिनमधून केबल खाली सोडली. दुपारी जेवून कामाला लागले आणि चहाच्या वेळेपर्यंत संपवलं. संध्याकाळी मामा खाली बसून प्रयोगाचे दिवे चालवत होते. आपल्याला आतापर्यंत हे का सुचलं नाही, असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, खरंच.

तुला आठवत असेल, तुझ्या चाचणीच्या दिवशीही तू खालीच बसली होतीस. कायमची जागा एक होती आणि मी तिथे तात्पुरती लागले होते. मी वर केबिनमध्ये आणि तू खालून हेडफोनवर मला सांगत होतीस. ‘डावीकडचा जरा उतरव. अजून. आता थांब, तिला अंधारात बसू दे.’ मला वाटलं, चेहरा दिसणार नाही, लोक ओरडतील. मग त्या नटीने मान वळवली आणि तिचा नुसता गाल उजळला. दिग्दर्शक उठून उभे राहिले. ‘हे कुणी केलं?’ त्यांनी विचारलं. मी वरून काचेतून बघत होते. तू हात वर केला नाहीस, माझ्याकडे बोट दाखवलंस. तुझा स्वभावच तसा.

नंतर तुला पत्र आलं की इमारतीची रचना पाहता तुमची सोय करता येत नाही. तू मला म्हणालीस, ‘मॅनेजरला काय दोष द्यायचा, शिडी काही त्याने बांधलेली नाही.’ मी मात्र तुझ्यासमोर मॅनेजरलाच नावं ठेवली. कायमची नेमणूक मला मिळाली, तेव्हा तू घरी आलीस, आईच्या पाया पडलीस आणि मला एक चांगला टेस्टर दिलास. मी तो वापरला नाही. कुणी मागितला तरी दिला नाही.

आता खरं काय झालं ते लिहिते. चाचणी संपल्यावर तेव्हाच्या मॅनेजरने मला व्हरांड्यात गाठलं. त्याला तू पसंत होतीस. तो म्हणाला, ‘रोज तिच्याबरोबर तुला काम करायचंय, तू सांग. शिडीचं काय करायचं? टेबल खाली घेता येईल का?’ हे त्याने विचारलं होतं. केबल किती लागेल हे मला माहीत होतं, मी स्वतः एकदा मोजली होती. मी म्हटलं, ‘एकवीस पायऱ्या आहेत. खाली आणणं जमण्यासारखं नाही. उद्या पडली तर जबाबदारी कुणाची?’ तो मान हलवून निघून गेला. तो नेहमी म्हणायचा, या विभागात एक बाई चालेल, दोघींची कटकट नको. ते मला इतकं पटलं होतं की तू आलीस तर मी राहणार नाही, एवढंच डोक्यात होतं. दोघी का नकोत, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. मामांसाठी सुतार खुर्च्या काढत होते तेव्हा पडला.

हे पत्र माफीसाठी नाही. मामा पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत. आताच्या मॅनेजरने त्यांची जागा मी न मागताच मला देऊ केली होती. मी म्हटलं, जाहिरात द्या, वयाची अट काढा आणि चाचणी खालच्या टेबलावर घ्या. कुरकुर करत का होईना, त्याने ऐकलं. अर्ज सोबत जोडला आहे, शेवटची तारीख वीस. मीही अर्ज केला आहे. तुझ्यासाठी जागा सोडण्याइतकी मी मोठी नाही, आणि सोडली असती तर ते तुलाही आवडलं नसतं. तुला रंगमंचाच्या दिव्यांना हात लावून किती वर्षं झाली हे मला माहीत आहे. तरी तू आलीस तर माझं काही खरं नाही, हेही माहीत आहे. काही विचारायचं असेल तर ऑफिसला फोन कर, मला नको. या वेळी तुझ्याबद्दल कुणी मला काही विचारायला नको.

एके काळची तुझीच,
वर्गात तुझ्या शेजारी बसणारी