कप्तानाने भट्टी चालू का केली

वडीगोद्री, ५ जुलै २०२५

चि. तृप्तीस अ. उ. आ.
तुझी आकाशयानाची गोष्ट पोचली. यानाच्या पोटात संलयन भट्टी, म्हणजे सूर्यच बसवलास. आम्हाला इथे वरचा एकच झेपत नाही. पण ती पेटवायला आधी वीज लागते, ती कुठून घेतलीस? शेजारच्या ग्रहावर आकडा टाकून?

आणि अभियंता आत चुंबकं दुरुस्त करत असताना कप्तान भट्टी चालू करतो, बिचाऱ्याचा उजेड होतो. अगं, दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचं परमिट घेणाऱ्याने ते स्वतः परत दिल्याशिवाय लाईन बिलकुल सोडत नाहीत. सबस्टेशनात तीस वर्षं काढलेल्या काकाला तरी विचारायचंस.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे, अशा गोष्टींनी तो कमी होत नाही.
रामकिसनकाका

बदनापूर, १४ जुलै

ती. काकांस सा. न. वि. वि.
आकड्याचा सल्ला मोलाचा. यानावर वायरमन म्हणून तुमचीच नेमणूक करते. तुम्ही फोनला हात लावत नाही, म्हणून मी टपालपेटी शोधत फिरते.

परमिटचा नियम मला ठाऊक आहे. बाबा विजेच्या खांबावरच गेले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. नियम माहीत असून कप्तानाने भट्टी चालू का केली, तेच मला लिहिता येत नाही. विचारलं की आई उठून जाते. त्या दिवशी सबस्टेशनात तुम्ही होता. सुचलं तर कळवा.

माया असू द्या.
तृप्ती

वडीगोद्री, ९ ऑगस्ट

चि. तृप्तीस आशीर्वाद.
उत्तराला उशीर झाला. रिकाम्या माणसाला कामं फार.

परमिट कल्याणदादाचं, तुझ्या बाबाचं होतं. गावात लग्न होतं, मांडववाले लाईटसाठी दारात बसले होते. मी दादाला फोन लावला. तो खांबावर, फोन खाली त्याचा मदतनीस कडूबाकडे. झालं का, म्हणून मी विचारलं. झालं, म्हणाला. त्याला वाटलं, मी चहाचं विचारतोय. मी लाईन सोडली.

वीस वर्षं कडूबाच्या नावाने खडे फोडले. पण दादाचा आवाज मी ऐकला नव्हता, कागद परत आला नव्हता. चूक माझी. कप्तानाला घाई होती, एवढंच. त्याला वाटेल ती शिक्षा लिही.
रामकिसन

बदनापूर, १६ ऑगस्ट

ती. काकांस सा. न.
तुमचा फार राग आला. अजून आहे. शिक्षा लिहायला बसले, जमली नाही. मग गोष्टच बदलली. अभियंता आत आहे, परमिट त्याच्या खिशात. सगळं यान कप्तानावर ओरडतंय आणि तो म्हणतो, त्याने स्वतः येऊन सांगितल्याशिवाय पेटवणार नाही. यान अंधारात उभं आहे. तिथेच संपवली.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती उठून गेली नाही. पोळ्याला जेवायला या, म्हणते. झालं का, ते मी या वेळी समोर बसवून विचारणार आहे.

तुमचीच,
तृप्ती